सिम्युलेटरमध्ये पांढुर्णा-सौसर उभं करताना

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून बत्तीस क्रमांकाच्या धावपट्टीनं उड्डाण केलं आणि दिशा बदललीच नाही, तर सेसना १७२ सारखं छोटं विमान पंचवीसेक मिनिटांत पांढुर्ण्यावर येतं. धावपट्टीचा रोख वायव्येला आहे. पांढुर्णा जवळपास त्याच रेषेत, सरळ अंतरानं ७८ किलोमीटरवर आहे. सौसर त्या रेषेच्या उजवीकडे, ६७ किलोमीटरवर. संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये हा प्रवास कुणालाही करता येतो. इटारसीकडे जाणारा लोहमार्ग सापडतो, हमरस्ता सापडतो, समोर सातपुड्याची कड उभी राहते. गाव मात्र सापडत नाही. त्या जागी कुठल्यातरी परदेशी उपनगरातली उतरत्या छपरांची घरं रांगेनं मांडलेली असतात. संत्र्याच्या बागा नाहीत, जामसावळीचं हनुमंताचं मंदिर नाही, गच्चीवरची काळी टाकी नाही.

यात सिम्युलेटर करणाऱ्यांचा दोष नाही. सगळ्या पृथ्वीचा देखावा हातानं बनवणं कुणालाच शक्य नसतं. रस्त्यांच्या आणि जमिनीच्या माहितीवरून संगणक घरं-झाडं आपोआप पेरतो. त्याला ऑटोजेन म्हणतात. जिथे माणसानं हात घातला, तिथे खरी जागा दिसते. जिथे नाही, तिथे नमुना दिसतो. पांढुर्णा-सौसरला हात घालायचा तो तिथल्याच माणसानं, कारण कुठली वस्तू गावाची खूण आहे हे बाहेरच्याला कळत नाही. हे काम शिकता येतं. प्रोग्रामिंग यावंच लागतं असं नाही. मोजायची सवय आणि चिकाटी मात्र लागते.

लागणारं साहित्य

मी इथे एक्स-प्लेन १२ हा सिम्युलेटर धरून कृती सांगतो. तो विकत घ्यावा लागतो, पण त्याची सीनरी साध्या फोल्डरांत आणि वाचता येणाऱ्या फायलींत असते, त्यामुळे शिकणाऱ्याला आत काय चाललंय ते दिसतं. पैसे घालायचे नसतील तर फ्लाइटगिअर हा मुक्त सिम्युलेटर आहे. त्यातली पद्धत थोडी वेगळी, पण मोजणी, चित्रं आणि त्रिमितीय प्रतिकृती हे सगळं तिथेही तसंच कामी येतं. मायक्रोसॉफ्टच्या २०२० आणि २०२४ च्या सिम्युलेटरमध्ये जमिनीचं उपग्रहचित्र आयतंच येतं, त्यामुळे वरून गाव ओळखू येतं. पण देऊळ, स्टेशन, बाजार तिथेही आपल्यालाच बांधावे लागतात.

बाकीची साधनं फुकट आहेत. जागेवर वस्तू मांडायला वर्ल्डएडिटर, ज्याला सगळे वेड म्हणतात. प्रतिकृती घडवायला ब्लेंडर आणि त्याला जोडायचं एक्सप्लेन-टू-ब्लेंडर हे पूरक. चित्रं साफ करायला गिंप. जमिनीवर उपग्रहचित्र अंथरायला ऑर्थोफोरएक्सपी. संगणकाला १६ जीबी मेमरी असली तर बरं. घराबाहेरच्या कामासाठी तीस मीटरचा टेप, एक मीटरची सरळ काठी, कॅमेऱ्याचा मोबाइल आणि चौकटीची वही.

चौकट

एक्स-प्लेनची पृथ्वी एक अंश बाय एक अंशाच्या चौकटींत कापलेली आहे. प्रत्येक चौकटीला तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्याच्या अक्षांश-रेखांशाचं नाव असतं. पांढुर्णा साधारण २१.६ अंश उत्तर, ७८.५ अंश पूर्व, सौसर २१.६५ उत्तर, ७८.८ पूर्व. दोन्ही गावं 'अधिक २१ अधिक ०७८' या एकाच चौकटीत पडतात. ही आपल्या कामाची मोठी सोय आहे. नागपूर विमानतळ मात्र ७९ अंश रेखांश ओलांडून पलीकडच्या चौकटीत जातो, आणि छिंदवाडा २२ अंशांच्या वर, उत्तरेच्या चौकटीत. म्हणजे उड्डाण एका चौकटीत आणि गाव दुसरीत. जमिनीचं चित्र फक्त आपल्या चौकटीसाठी केलं तर नागपूर सोडल्यावर काही मिनिटांतच जमिनीचा रंग एका सरळ रेघेवर बदलतो. ती रेघ पहिल्यांदा दिसली की काहीतरी बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं, शेजारची चौकट रिकामी असते.

एक चौकट म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १११ आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०३ किलोमीटर. एवढी जमीन एकट्यानं सजवायची नाही. नवशिक्यानं चौकटीतला दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचा तुकडा निवडावा आणि त्यातही पहिल्या महिन्यात एकच वस्तू पुरी करावी. मी पहिल्या खेपेला सगळं पांढुर्णा हाती घेतलं होतं. दोन महिन्यांनी माझ्याकडे चाळीस अर्धवट इमारती होत्या आणि उडताना बघण्याजोगी एकही नव्हती. मग सगळं बाजूला ठेवून एक देऊळ घेतलं. ते झालं.

निवड करताना आकाशातून काय दिसतं याचा विचार करा. दीड-दोन हजार फुटांवरून दारावरची नक्षी दिसत नाही. दिसतं ते आकार, रंग आणि मांडणी: नदीचं वळण, लोहमार्गालगतची लांब छपरं, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात पडलेले पांढरे ढीग, पत्र्याची चकाकी, आणि गच्च्यांवरच्या काळ्या टाक्यांचे ठिपके. या टाक्या नीट पेरल्या की बाकीचं काही न करताही गाव आपल्याकडचं वाटायला लागतं. ब्लेंडरमध्ये टाकी म्हणजे मीटरभर व्यासाचं एक काळं नळकांडं. पाच मिनिटांचं काम, आणि सर्वांत जास्त फळ देणारं.

पायी फिरून मोजणी

ही पायरी लोक टाळतात. पडद्यावरचं उपग्रहचित्र बघून सगळं होईल असं त्यांना वाटतं. चित्रातून लांबी-रुंदी मिळते, उंची मिळत नाही, आणि उंची चुकली की देऊळ डबीसारखं दिसतं.

उंचीसाठी सावलीची जुनी रीत वापरा. सकाळी, ऊन स्वच्छ असताना, एक मीटरची काठी सपाट जमिनीवर ओळंब्यात उभी करा आणि तिची सावली मोजा. समजा ती ८० सेंटीमीटर आली. आता लगेच, दहा मिनिटांच्या आत, शिखराच्या टोकाची सावली जिथे पडते तिथे खूण करा. मोजायचं ते कळसाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून, आणि तो बिंदू गाभाऱ्यात असतो. म्हणून सूर्य भिंतीला काटकोनात असेल अशी वेळ साधा, भिंतीपासून खुणेपर्यंत मोजा आणि त्यात देवळाच्या रुंदीचा निम्मा भाग मिळवा. भिंतीपासून ७ मीटर १० सेंटीमीटर आणि निम्मी रुंदी अडीच मीटर, म्हणजे ९ मीटर ६०. त्याला ०.८ नं भागलं की उंची १२ मीटर. निम्मी रुंदी मिळवायला विसरलात तर हेच शिखर नऊ मीटरचं होतं.

पांढुर्णा-सौसर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या दिवसांत आणि जुलैच्या मध्याला भर दुपारी सावली पायाखाली येते. त्या वेळी ही रीत चालत नाही. हिवाळ्यातली सकाळ सगळ्यात चांगली.

भिंतींचे फोटो उलट ढगाळ दिवशी काढा. उन्हात काढलेल्या फोटोत सावल्या असतात. सिम्युलेटर स्वतःचं ऊन पाडतो, म्हणून एकाच भिंतीवर दोन दिशांच्या सावल्या येतात आणि डोळ्यांना ते लगेच खटकतं. भिंतीसमोर बरोबर मध्ये, शक्य तितकं लांब उभं राहून झूम करून फोटो घ्या, म्हणजे वरचा भाग आत झुकत नाही. प्रत्येक फोटोत एकदा मीटरची काठी भिंतीला टेकवून ठेवा. पुढे गिंपमध्ये माप काढताना तीच आधार असते.

मोबाइलच्या जीपीएसवर वस्तूची जागा ठरवू नका. तो मोकळ्या जागेतही काही मीटर हलतो. जागा उपग्रहचित्रावरून ठरवायची. पण ते चित्रसुद्धा कधी पाच-दहा मीटर सरकलेलं असतं. यावर उपाय एकच: एक चित्र आधार म्हणून धरा आणि सगळ्या वस्तू त्याच चित्रावर मांडा. सगळंच सारखं सरकलं तर उडणाऱ्याला कळत नाही. एक वस्तू एका चित्रावर आणि दुसरी दुसऱ्यावर मांडली की घर रस्त्यात येतं.

परवानगीची गोष्ट इथेच सांगतो. गाभाऱ्यात फोटो काढू नका. स्टेशनच्या आवारात विचारून काढा. ड्रोन उडवायचा असेल तर ड्रोन नियम, २०२१ आधी वाचा आणि आपला भाग हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात येतो ते हवाई क्षेत्राच्या सरकारी नकाशावर पाहा. आपल्या कामाला ड्रोनवाचून काही अडत नाही. ओळखीच्या घराची गच्ची पुरते.

जमीन

ऑर्थोफोरएक्सपीमध्ये अक्षांश २१ आणि रेखांश ७८ भरा, चित्रांचा स्रोत निवडा आणि क्रमानं चार कामं करून घ्या: नकाशाची माहिती गोळा करणं, जमिनीची जाळी विणणं, पाण्याचे मुखवटे बनवणं, आणि चित्रं चिकटवून चौकट पुरी करणं. पहिल्या खेपेला सूक्ष्मता १६ ठेवा. आपल्या अक्षांशावर १६ ला चित्राचा एक ठिपका जमिनीवर सव्वादोन मीटरचा होतो, १७ ला सव्वा मीटरच्याही आत, १८ ला अर्ध्या मीटरच्या आसपास. प्रत्येक पायरीला जागा चौपट लागते. हिशेब केला तर आपली पूर्ण चौकट १६ ला पावणेदोन जीबीच्या घरात, १७ ला साडेसहा, आणि १८ ला पंचवीस जीबीच्या आसपास जाते. म्हणून सगळी चौकट १६ वर करावी आणि पांढुर्णा, सौसर, जामसावळी एवढ्याच भागांभोवती रेघ आखून तिथे १८ द्यावी. तशी सोय त्यात आहे.

रस्ते आणि आपोआप उगवणारी झाडं-घरं राहावीत म्हणून त्याच साधनातून ओव्हरले वेगळे काढून घ्यायचे असतात. हे विसरलं की जमीन छान दिसते, पण सपाट सतरंजीसारखी.

चित्राचा हंगाम बघून घ्या. हा भाग मे महिन्यात मातकट आणि सप्टेंबरात हिरवागार असतो. पांढुर्ण्याकडची काळी कापसाची जमीन नांगरल्यावर जवळपास काळीच दिसते. सौसरकडे खडक बदलतो. तिथल्या मँगनीजवाल्या जुन्या खडकांच्या समूहाला भूवैज्ञानिकांनी सौसरचंच नाव दिलं आहे. हा रंगातला फरक आकाशातून खराखुरा दिसतो. चित्र एकसारखं करण्याच्या नादात तो घालवू नका. कुठल्या महिन्यात वावरं कशी दिसतात हे पाहायला युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. त्यांचा ठिपका दहा मीटरचा असल्यामुळे ती जमिनीवर अंथरायला भरड पडतात, पण रंग जुळवायला उत्तम.

उंच-सखलपणासाठी वापरली जाणारी माहिती बव्हंशी फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं अकरा दिवस रडारनं घेतलेल्या मोजणीवर उभी आहे. तीस मीटरच्या अंतरानं घेतलेल्या त्या नोंदींत सातपुड्याची मोठी कड चांगली उमटते. पण सौसरहून छिंदवाड्याकडे चढणाऱ्या सिल्लेवानी घाटासारख्या ठिकाणी अरुंद दऱ्या बोथट होतात, आणि दाट झाडी असेल तिथे रडारला जमिनीऐवजी शेंडे दिसलेले असतात. जाळीची वक्रतेची सूट कमी केली की घाटात त्रिकोण वाढतात आणि कडा जरा धारदार होतात. ही सूट दोनवरून एकवर आणून पाहा. त्याहून खाली गेलात तर जुना संगणक अडखळतो.

जाम नदीचं काय करायचं, यावर मी बराच विचार केला. ओपनस्ट्रीटमॅपवर नदी नुसती रेघ म्हणून काढलेली असेल तर ऑर्थोफोरएक्सपी तिथे पाणी भरत नाही, खालचं चित्रच दिसतं. पात्र दोन्ही काठांसह आखलेलं असेल तर ते निळ्या पाण्यानं काठोकाठ भरतं. पांढुर्णा आणि सावरगावमधली जाम वर्षातले बरेच महिने दगडगोट्यांची आणि बारीक धारेची असते. म्हणून माझं मत असं: गावाजवळ पाणी भरू नका, चित्रातलं पात्र तसंच राहू द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच पात्रात गोटमार, म्हणजे दगडफेकीचा खेळ, होतो. दोन काठांवर दोन गावं आणि मधोमध रोवलेला झेंड्याचा पळस. त्या खेळात दरवर्षी माणसं जखमी होतात, जीवही गेले आहेत. त्याचा देखावा मांडू नये. पळस मात्र मांडावा. त्याची वेगळी छोटी सीनरी करून ठेवा आणि त्या दिवसापुरती फोल्डरमध्ये आणा, नंतर काढून ठेवा.

मांडणी

वेड उघडून एक्स-प्लेनचं फोल्डर दाखवा, नवीन सीनरी पॅकेज तयार करा. नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्या. डावीकडे तयार वस्तूंचं भांडार, मध्ये नकाशा, उजवीकडे मांडलेल्या वस्तूंची उतरंड आणि त्यांचे गुणधर्म. पाहण्याच्या मेन्यूतून नकाशाखाली उपग्रहचित्र चालू करा. आपण जमिनीला वापरलेलंच चित्र इथे मिळालं तर उत्तम.

सर्वांत आधी मोकळी जागा करायची. एक्सक्लुजन झोन हा चौकोन आखून त्या जागेवरची आपोआप आलेली घरं, झाडं, रस्ते यांतलं काय काढायचं ते गुणधर्मांत निवडा. चौकोन लहान ठेवा. मोठा ठेवला तर शेजारची वस्तीही जाते आणि ती परत हातानं भरावी लागते. सौसरला ही काळजी जास्त घ्या. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज गाडी २०१५ च्या अखेरीस थांबली आणि तो मार्ग ब्रॉडगेज झाला. नकाशाची माहिती कुठल्या वर्षाची आहे त्यावर रूळ कुठून जातात ते ठरतं. जुना मार्ग दिसत असेल तर तेवढाच पट्टा पुसा. जामसावळीलाही हेच. निद्रिस्त हनुमंताच्या मंदिर-परिसराचा कायापालट सुरू झाल्यावर तिथली उपग्रहचित्रं आणि आजची जागा यांत फरक पडत जातो, म्हणून जाऊन पाहिल्याशिवाय काही मांडू नका. मंदिराचा पिंपळ ठळक मांडा.

मग भांडारातली वस्तू निवडून नकाशावर टिचकी मारा आणि ओढून दिशा द्या. साध्या घरांसाठी फसाड वापरा: जमिनीवर घराचा आकार आखायचा आणि उंची द्यायची, भिंती आपोआप उभ्या राहतात. सपाट छपराचेच फसाड घ्या. जिनिंगची आणि गोदामांची लांब पत्र्याची छपरं मिळतात, ती कारखान्यांच्या भांडारात शोधा.

शेवटी तपासणीची आज्ञा द्या. चुका तांबड्या यादीत येतात. त्या पुऱ्या निघाल्या की एक्सपोर्ट करा. इतकं झालं की सिम्युलेटरच्या डेव्हलपर मेन्यूतून सीनरी पुन्हा लोड करा, दर वेळी बंद-चालू करायची गरज नाही.

संत्र्याची बाग

हा भाग संत्र्याचा आहे, आणि संत्र्याच्या बागेला आकाशातून स्वतःची खूण असते: सरळ ओळी. जंगलासारखी विखुरलेली झाडं लावलीत तर कुणालाही ती बाग वाटणार नाही. आपल्याकडे परंपरेनं वीस बाय वीस फुटांवर, म्हणजे सुमारे सहा बाय सहा मीटरवर झाडं लावतात. हेक्टरी २७७ झाडं बसतात. एक्स-प्लेनची वनाची फाइल नेमकं हेच मागते. ती साध्या मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते.

तिच्यात आधी झाडाच्या चित्राचं नाव आणि चित्राची मापं येतात. नंतर 'स्पेसिंग'ची ओळ: तिथे ६ ६ लिहा. त्यानंतर 'रँडम'ची ओळ, म्हणजे झाड जागेवरून किती मीटर इकडेतिकडे सरकू द्यायचं: वनासाठी इथे मोठा आकडा असतो, बागेसाठी ०.३ पुरे. शून्य लिहिलं तर ओळी इतक्या काटेकोर येतात की खोट्या वाटतात. खरी बाग शेतकऱ्यानं दोरी धरून लावलेली असते, छापलेली नसते. शेवटी 'ट्री'च्या ओळी: चित्राचा कुठला भाग कुठलं झाड, शेकड्यात किती, आणि उंची किमान-कमाल. संत्र्याला ४ ते ६ मीटर द्या. शंभरातली सहा-सात झाडं वाळलेली ठेवा; कुठल्याही बागेत असतात. चित्रासाठी फोटो बागेतच काढा, ढगाळ दिवशी, एकटं उभं असलेलं झाड बघून, आणि गिंपमध्ये मागचं सगळं पारदर्शक करा.

वेडमध्ये ही फाइल निवडून धुऱ्याधुऱ्यानं बागेची हद्द आखा. प्रत्येक बाग वेगळी आखायची. दहा बागा एकाच मोठ्या आकारात घेतल्या तर धुरे, पायवाटा, विहिरी हरवतात, आणि आपल्या वावरांची खरी ओळख धुऱ्यांतच आहे. एक विहीर, तिच्याशेजारी मोटारीची खोली आणि एक लिंब, एवढं प्रत्येक दोन-तीन बागांमागे मांडा. हिरव्या पानांत नारिंगी ठिपके हवे असतील तर फळधारणेचं वेगळं चित्र करा. आंबिया बहार हिवाळ्याच्या तोंडाशी तोडणीला येतो आणि मृग बहार त्यानंतर फेब्रुवारी-मार्चकडे, म्हणजे जमिनीचं चित्र कुठल्या महिन्याचं आहे तेवढं जुळवून घ्या. हिरव्यागार पावसाळी वावरांत पिकलेली संत्री दिसली तर इथला माणूस लगेच विचारील.

देऊळ

ब्लेंडरमध्ये मोजमाप मीटरमध्ये ठेवा. वस्तूचा शून्यबिंदू जमिनीवर, देवळाच्या मध्यभागी. दर्शनी बाजू उत्तरेला धरून घडवा, खरी दिशा वेडमध्ये द्या. पायापासून सुरुवात करा: ओटा, मंडप, मग शिखर. शिखर आठ बाजूंचं आणि चार-पाच टप्प्यांचं केलं तरी हवेतून पुरे दिसतं. नक्षी चित्रातून येऊ द्या. पाया जमिनीच्या खाली दोन मीटर वाढवून ठेवा. जमीन जराही उतरती असली तर एका बाजूनं देऊळ हवेत तरंगतं, आणि हे पहिल्या प्रतिकृतीत हमखास होतं.

सगळ्या भिंतींची चित्रं एकाच फायलीत मांडा, १०२४ किंवा २०४८ ठिपक्यांच्या चौरसात. रात्रीसाठी त्याच मापाची दुसरी फाइल करा, नाव तेच आणि शेवटी 'एलआयटी' जोडलेलं: ती पूर्ण काळी, फक्त खिडक्या, दिवे आणि कळसाची रोषणाई उजळ. एक्सपोर्ट केलेली फाइल आणि चित्रं पॅकेजमधल्या 'ऑब्जेक्ट्स' फोल्डरमध्ये ठेवली की वेडच्या भांडारात आपलं देऊळ दिसायला लागतं.

गावाच्या पाट्या मांडणार असाल तर अक्षरं जशी आहेत तशीच घ्या. सरकारी हिंदीत सौंसर, बोलण्यात सौसर. इथे दोन्ही भाषा नांदतात. पाटी दुरुस्त करणं आपलं काम नाही.

क्रम आणि चाचणी

सगळी पॅकेजं 'कस्टम सीनरी' फोल्डरमध्ये असतात आणि त्यांचा क्रम त्याच फोल्डरमधल्या 'सीनरी पॅक्स' या मजकुराच्या फायलीत. वरच्या ओळीचा मान आधी. वर विमानतळ आणि आपल्या वस्तू, त्याखाली काढलेले ओव्हरले, सर्वांत खाली जमिनीची चौकट. नवीन पॅकेज आपोआप वर जाऊन बसतं, त्यामुळे जमीन नंतर बनवली तर ती वर येते आणि तिच्याखालचं सगळं नाहीसं होतं. देऊळ दिसत नाही म्हणून ब्लेंडर पुन्हा उघडण्याआधी ही फाइल बघा.

चाचणी नागपूरहूनच उडून करा, दोन हजार फूट उंचीवरून. एकदा सकाळी, एकदा सूर्यास्ताला, एकदा रात्री. मग ज्यानं काम पाहिलेलं नाही अशा गावातल्या माणसाला पडद्यासमोर बसवा आणि काही न सांगता विचारा, आपण कुठे आहोत? त्यानं ज्या खुणेवर बोट ठेवलं ती बरोबर झाली. ज्या खुणेला तो काही बोलला नाही, ती परत करायची.

दुसऱ्यांना देताना फक्त आपण घडवलेलं द्या: प्रतिकृती, आपले फोटो, मांडणी. उपग्रहचित्रांवर त्या कंपन्यांचा हक्क असतो. ती घरच्या वापरापुरती ठेवा, घेणारा आपली आपण उतरवून घेईल. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरली असेल तर त्यांचं नाव सोबत लिहा. आणि उलटही करा: बागा, विहिरी, पायवाटा त्या नकाशावर नोंदवा. गुगलच्या नकाशावरून मात्र तिथे काही उतरवू नका, तशी मुभा नाही.

ही कृती आजच्या गावापुरतीच नाही. याच साधनांनी गेलेला काळही उभा राहतो. जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, टपाल बदलत आणि पहाटेपर्यंत परतत. तो विमानतळ करता येईल. अडीच फुटी रुळांचं सौसर स्टेशनही करता येईल, पण त्याची मापं आता जागेवर मिळत नाहीत. ती जुन्या फोटोंतूनच काढावी लागतील: फलाटावर उभा असलेला माणूस, मागे दार, दारावर पत्रा. माणसाच्या उंचीवरून दार, दारावरून छप्पर. सौसर, रामाकोना, लोधीखेडा भागात ज्यांच्या घरी नॅरोगेजच्या दिवसांतले असे फोटो असतील, त्यांनी ते अल्बममधून काढून एकदा मोठ्या मापात स्कॅन करून ठेवावेत, आणि मागे वर्ष व स्टेशनचं नाव लिहावं.